टाके निघाले, रुग्ण घरी गेला, मग? बर्नच्या गलगंड शस्त्रक्रियांचा प्रकरण अभ्यास

जानेवारी 1874 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात अकरा वर्षांच्या एका मुलीचा गलगंड काढला गेला. शस्त्रक्रिया करणारे प्राध्यापक थिओडोर कोकर तेव्हा बत्तीस वर्षांचे होते. त्यांनी गाठीबरोबर थायरॉइड ग्रंथीही पूर्ण काढली, मागे काहीच ठेवलं नाही. मुलगी वाचली, जखम भरली आणि ती घरी गेली. त्या काळात गलगंडाच्या शस्त्रक्रियेतून जिवंत बाहेर येणं हीच मोठी गोष्ट होती. त्यामुळे कोकर यांच्या दृष्टीनं ही केस उत्तम झाली होती.

ही केस आजच्या पद्धतीनं नोंदवून पाहू. गुंतागुंतींची नोंद ठेवताना आपण बहुतेक ठिकाणी क्लाव्हियन-डिंडो श्रेणी वापरतो. ही श्रेणीसुद्धा स्वित्झर्लंडचीच आहे. झुरिचच्या गटानं 6336 रुग्णांवर तपासून ती 2004 मध्ये प्रसिद्ध केली. नेहमीपेक्षा वेगळं काही घडलं पण खास उपचार लागला नाही, तर पहिली श्रेणी. औषध किंवा रक्त द्यावं लागलं तर दुसरी. पुन्हा शस्त्रक्रिया किंवा तसा काही हस्तक्षेप करावा लागला तर तिसरी. रुग्ण आयसीयूत गेला तर चौथी आणि दगावला तर पाचवी. घरी जाताना एखादं अपंगत्व उरलं असेल, तर श्रेणीपुढे एक वेगळं अक्षर जोडायचं. या हिशोबात त्या मुलीच्या नावापुढे काहीच आलं नसतं, कारण घरी जाताना ती ठणठणीत होती. तीस दिवसांनी पाहिलं असतं तरी फारसं काही हाती लागलं नसतं.

तिचं जे नुकसान झालं ते पुढच्या नऊ वर्षांत झालं. ते कसं उघडकीला आलं, त्यासाठी एका सर्जननं काय केलं आणि त्यातून काय निघालं, याचा हा अभ्यास आहे. शस्त्रक्रियेच्या गुंतागुंतींवर संशोधन करू पाहणाऱ्या प्रत्येक रेसिडेंटनं (शिकाऊ सर्जननं) हे प्रकरण नीट वाचावं, असं मला मनापासून वाटतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. आल्प्सच्या डोंगराळ भागात माती आणि पाण्यात आयोडिन कमी. त्यामुळे बर्नच्या आसपासच्या खेड्यांत गलगंड घरोघरी दिसायचा. गाठ वाढत जाऊन श्वासनलिका दाबायची आणि माणूस गुदमरायचा. तरीही शस्त्रक्रियेला सर्जन धजावत नसत. थायरॉइडचा रक्तपुरवठा इतका दांडगा असतो की एक रक्तवाहिनी निसटली तरी सगळं रक्तानं भरून जातं आणि पुढचं काही दिसत नाही. पॅरिसच्या वैद्यक अकादमीनं 1850 मध्ये या शस्त्रक्रियेचा निषेध केला होता. फिलाडेल्फियाचे सॅम्युएल ग्रॉस यांनी 1866 मध्ये लिहिलं की कुठलाही प्रामाणिक आणि समंजस सर्जन या फंदात पडणार नाही. थिओडोर बिलरोथ यांच्यासारख्या दिग्गजानं झुरिचमध्ये वीस जणांवर शस्त्रक्रिया केल्या. त्यातले आठ दगावले, आणि त्यांनी पुढे जवळजवळ दहा वर्षं हे काम थांबवलं.

कोकर 1872 मध्ये बर्नला प्राध्यापक झाले. त्यांचा स्वभाव सावकाश, काटेकोर आणि चिकाटीचा होता. लिस्टर यांच्या जंतुनाशक पद्धतीवर त्यांचा भरवसा होता. रक्तवाहिनी आधी पकडायची, बांधायची, मगच कापायची, हा त्यांचा शिरस्ता. आपल्या ऑपरेशन थिएटरमध्ये आजही दिवसातून दहा वेळा 'सिस्टर, कोकर्स द्या' असं ऐकू येतं. रक्तवाहिनी पकडायचा, टोकाला दात असलेला तो चिमटा (फोर्सेप) त्यांचाच. या पद्धतीमुळे रक्तस्राव कमी झाला, पू होण्याचं प्रमाण घटलं आणि मृत्यू उतरत गेले. हात जसजसा बसला, तसे ते आणखी पुढे गेले. गाठ परत वाढू नये म्हणून काही रुग्णांची ग्रंथी पूर्णच काढू लागले. त्या वेळच्या ज्ञानाप्रमाणे यात काही चूक नव्हती. थायरॉइड शरीरात नेमकं काय करते हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती मेंदूचा रक्तपुरवठा सांभाळते असं काही जण म्हणत, तर ती केवळ गळ्याला गोलाई देते असं काहींचं मत होतं. मग ती ठेवायची तरी कशासाठी?

ती मुलगी घरी गेल्यानंतर तिला ओळखणाऱ्या एका डॉक्टरांनी कोकर यांना कळवलं की तिचा स्वभाव पार बदलला आहे. आधी चुणचुणीत असलेली मुलगी मंद होत चालली होती. कोकर यांच्या मनात ही गोष्ट राहिली, पण एका रुग्णावरून काय ठरवणार? गलगंडाच्या प्रदेशात जन्मतः मतिमंद आणि खुजी माणसंही पुष्कळ होती. ही मुलगी त्यातलीच असेल, असं समजायला भरपूर वाव होता.

सप्टेंबर 1882 मध्ये जिनिव्हाला आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे कोकर यांची गाठ झाक-लुई रेव्हर्डँ यांच्याशी पडली. त्वचारोपणाच्या कामामुळे रेव्हर्डँ यांचं नाव आधीच झालेलं होतं. आपल्या चुलतभावाच्या साथीनं तेही जिनिव्हात गलगंडाच्या शस्त्रक्रिया करत होते. त्यांनी सांगितलं की संपूर्ण ग्रंथी काढलेले आपले काही रुग्ण काही महिन्यांनी अशक्त, फिकट आणि सुजलेले झाले, आणि त्यांची बुद्धीही मंदावली. तुमच्याकडे असं काही दिसतं का, असं त्यांनी कोकर यांना विचारलं.

कोकर यांच्यासमोर दोन वाटा होत्या. आमचे रुग्ण बरे आहेत, तक्रार घेऊन कुणी आलेलं नाही, असं सांगून त्यांना मोकळं होता आलं असतं. शस्त्रक्रिया केलेल्या खोलीत सगळं ठीक दिसत असताना बहुतेक सर्जन हेच म्हणतात. कोकर यांनी आपल्या जुन्या रुग्णांना पत्रं धाडून परत तपासणीला बोलावलं. तोवर त्यांच्या गलगंडाच्या शस्त्रक्रिया शंभराच्या घरात गेल्या होत्या. सगळे सापडले नाहीत. जे आले, त्यांना त्यांनी स्वतः तपासलं.

संपूर्ण ग्रंथी काढलेल्यांपैकी 18 जण तपासणीला आले. त्यातले फक्त दोघं पूर्वीसारखे होते. उरलेल्या 16 जणांची प्रकृती कमी-अधिक ढासळली होती. ग्रंथीचा काही भाग मागे ठेवलेले रुग्ण मात्र खुशीत होते.

कोकर यांनी लिहून ठेवलेली लक्षणं आजही थायरॉइड कमी असलेल्या रुग्णाला तंतोतंत लागू पडतात. सुरुवात थकव्यानं होते आणि हातपाय जड वाटतात. थंडी सोसत नाही, हिवाळ्यात हातापायाची बोटं निळसर-लाल होऊन सुजतात. चेहरा आणि पापण्या सुजतात, त्वचा कोरडी पडते, केस गळतात. बोलणं संथ होतं, विचार करायला वेळ लागतो. शाळकरी मुलांबद्दलचं त्यांचं निरीक्षण मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्गात वरच्या क्रमांकावर असलेली मुलं हळूहळू मागे पडतात आणि हे आधी शिक्षकांच्या ध्यानात येतं, असं त्यांनी नोंदवलं आहे. म्हणजे या गुंतागुंतीचं पहिलं निदान रुग्णालयाबाहेर, शाळेच्या वर्गात होत होतं.

ती मुलगीही 1883 मध्ये त्यांच्यासमोर आली. या प्रकरणातली दोन छायाचित्रं वैद्यकाच्या इतिहासात गाजलेली आहेत. पहिलं शस्त्रक्रियेपूर्वीचं. त्यात ती आणि तिची धाकटी बहीण दोघी आहेत. दुसरं नऊ वर्षांनंतरचं, त्यातही दोघी आहेत. धाकटी बहीण तरुण बाई झाली आहे आणि मोठी तिच्याहून कितीतरी बुटकी राहिली आहे. चेहरा सुजलेला, ओठ जाड, बोटं आखूड आणि जाड. या चित्रात एक शास्त्रीय बाबही आहे. दोघी बहिणी एकाच घरातल्या, एकच अन्न खाल्लेल्या, एकच पाणी प्यायलेल्या. मोठा फरक काय, तर एकीची ग्रंथी काढली होती आणि दुसरीची जागेवर होती. ही मुलगी जन्मतःच तशी असेल, ही शंका त्या दोन छायाचित्रांनी निकालात काढली.

एप्रिल 1883 मध्ये बर्लिनला जर्मन सर्जनांच्या परिषदेत कोकर यांनी हे सगळं मांडलं आणि या स्थितीला 'कॅकेक्सिया स्ट्रुमिप्रिव्हा' (गलगंड काढल्यानं येणारं खंगलेपण) असं नाव दिलं. आधी कुणी पाहिलं यावरून पुढे रेव्हर्डँ आणि त्यांच्यात वाद झाला. माझ्या मते पहिलं श्रेय रेव्हर्डँ यांचं आणि पद्धतशीर शोधाचं श्रेय कोकर यांचं.

संशोधन म्हणून पाहिलं तर या कामात उणिवा आहेत. सगळे रुग्ण मिळाले नाहीत. न आलेले कसे असतील? एखादा अगदी बरा असल्यानं आला नसेल, तर दुसऱ्याला घराबाहेर पडायचंही त्राण नसेल. त्यामुळे 18 पैकी 16 हे प्रमाण सगळ्या रुग्णांना जसंच्या तसं लावता येत नाही. पण कोकर यांनी तुलनेसाठी दुसरा गट हाताशी ठेवला होता, आणि कामाचं खरं बळ त्यातच होतं. सर्जन तोच, हॉस्पिटल तेच, आजार तोच. फरक फक्त ग्रंथी पूर्ण काढली की अर्धवट, एवढाच. दोन गटांत इतकी तफावत दिसल्यावर न आलेल्यांबद्दलची शंका निष्कर्ष बदलू शकत नव्हती.

कारणाच्या बाबतीत मात्र ते चुकले. शस्त्रक्रियेमुळे श्वासनलिकेला इजा होते, ती आक्रसते, शरीराला हवा कमी पडते आणि त्यातून हे सगळं घडतं, असं त्यांना वाटलं. लंडनमध्ये घशाचे डॉक्टर फेलिक्स सेमन यांनी त्याच वर्षी वेगळी मांडणी केली. कोकर यांचे रुग्ण, प्रौढ बायकांत दिसणारा मिक्सिडिमा (अंग सुजून मंदपणा येणारा आजार) आणि जन्मजात क्रेटिनिझम (मतिमंदपणा आणि खुजेपणा) या तिन्हींचं मूळ एकच आहे, थायरॉइडचा अभाव, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांची थट्टा झाली. मग चौकशीसाठी समिती नेमली गेली आणि 1888 च्या अहवालात तिनं सेमन यांचंच म्हणणं उचलून धरलं. दरम्यान शरीरक्रियाशास्त्रज्ञ मॉरिट्झ शिफ यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवलं होतं की ग्रंथी काढण्याआधी दुसऱ्या कुत्र्याची थायरॉइड पोटात रोवली तर प्राणी तगतो. ग्रंथी कुठे आहे यापेक्षा ती शरीरात आहे की नाही याला महत्त्व आहे, हे त्यावरून कळलं.

पुढे उपचारही सापडला. न्यूकॅसलचे जॉर्ज मरे यांनी 1891 मध्ये मिक्सिडिमा झालेल्या 46 वर्षांच्या एका बाईला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचायला सुरुवात केली. ती सुधारली आणि वयाच्या 74 व्या वर्षापर्यंत जगली. तेवढ्या काळात तिच्या औषधासाठी 870 हून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज आपण रुग्णाला उपाशीपोटी घ्यायला सांगतो ती थायरॉक्सिनची, म्हणजे थायरॉइडच्या संप्रेरकाची, छोटीशी गोळी याच धाग्यातून आलेली आहे.

कोकर यांनी निर्णयाला मात्र उशीर केला नाही. कारण चुकीचं समजलं होतं, तरी परिणाम डोळ्यांसमोर होता. कर्करोग वगळता संपूर्ण ग्रंथी काढायची नाही, असं त्यांनी ठरवलं आणि ते पाळलं. 1912 पर्यंत त्यांनी थायरॉइडच्या सुमारे 5000 शस्त्रक्रिया केल्या आणि मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या खाली आणलं. 1909 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन.

इथे व्हिएन्नाला वळसा घ्यायलाच हवा, कारण तिथे नेमकी उलटी गुंतागुंत दिसत होती. जंतुनाशक पद्धती रुळल्यावर, झुरिचहून व्हिएन्नाला गेलेल्या बिलरोथ यांनी पुन्हा गलगंडाचं काम हाती घेतलं होतं. त्यांच्या रुग्णांत ती सूज आणि मंदपणा क्वचितच दिसे, पण शस्त्रक्रियेनंतर हातापायाला पेटके येत, बोटं आवळत, काही जण त्यात दगावत. शस्त्रक्रिया एकच, मग दोन शहरांत दोन वेगळ्या गुंतागुंती का? दोन्हीकडचं काम पाहिलेले अमेरिकन सर्जन विल्यम हॉल्स्टेड यांनी पुढे याचा उलगडा सर्जनांच्या हातावरून केला. कोकर सावकाश, कोरडं, अगदी ग्रंथीला लागून काम करत. त्यामुळे थायरॉइड पूर्ण निघे, पण आजूबाजूचं सगळं जागेवर राही. बिलरोथ यांचा हात वेगवान होता. थायरॉइडचे तुकडे मागे राहत, आणि ग्रंथीच्या पाठीमागचं काहीतरी मात्र जखमी होई किंवा निघून जाई.

ते काहीतरी म्हणजे पॅराथायरॉइड ग्रंथी. बहुधा चार, तांदळाच्या दाण्याएवढ्या, पिवळसर तपकिरी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात 1849 मध्ये एक भारतीय गेंडा मेला. त्याचं विच्छेदन करताना शरीररचनाशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांना अशी एक छोटी पिवळी ग्रंथी दिसली होती. माणसातल्या या ग्रंथींचं नीट वर्णन स्वीडनमधल्या उप्सालाचे इव्हार सँडस्ट्रॉम यांनी 1880 मध्ये केलं. म्हणजे बर्न आणि व्हिएन्नाचे हे रुग्ण पेटके आणि सूज सोसत होते, तेव्हा निम्मं उत्तर छापून तयार होतं, पण सर्जनांपर्यंत पोचलं नव्हतं. पॅराथायरॉइड गेली की रक्तातलं कॅल्शियम उतरतं आणि त्यातून पेटके येतात, हे मॅक्कॅलम आणि व्होग्टलिन या संशोधकांनी 1909 मध्ये दाखवलं.

आता आपल्या वॉर्डात येऊ. थायरॉक्सिन हाताशी असल्यानं संपूर्ण थायरॉइड काढणं आज पुन्हा नेहमीचं झालं आहे. कर्करोगासाठी, दोन्ही बाजूंच्या गाठींसाठी, ग्रेव्हजच्या आजारासाठी (यात थायरॉइड जास्त काम करते). शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रुग्ण म्हणतो, 'डॉक्टर, ओठांभोवती मुंग्या आल्यासारखं होतंय.' मग कानापुढे बोटानं हलकेच टिचकी मारून ओठाचा कोपरा उडतो का ते आम्ही पाहतो. ही खूण काही निरोगी माणसांतही दिसते, म्हणून तिच्यावर विसंबायचं नाही. दंडाला बीपीचा पट्टा बांधून तीन मिनिटं दाब ठेवला आणि बोटं एकत्र येऊन पंजा आवळला, तर ती खूण जास्त भरवशाची. खरं उत्तर रक्तातल्या कॅल्शियमचं. ते बरंच खाली असेल तर शिरेतून, ईसीजीवर लक्ष ठेवून, सावकाश कॅल्शियम द्यायचं.

बहुतेकांचं कॅल्शियम काही आठवड्यांत सावरतं, काहींचं कधीच सावरत नाही. किती जणांचं नाही, या प्रश्नाचं उत्तर प्रत्येक अभ्यासात वेगळं येतं. सहा महिन्यांनंतरही गोळ्या लागल्या तर कायमची कमतरता, असं काही जण धरतात, तर काही बारा महिने धरतात. डिस्चार्जपर्यंतच मोजणाऱ्या अभ्यासाला हा प्रश्न विचारताच येत नाही.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. एम.एस.चा (सर्जन होण्याचा) कोर्स तीन वर्षांचा. प्रबंधाचा विषय मंजूर होईपर्यंत काही महिने जातात आणि परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध सादर करावा लागतो. रुग्ण गोळा करायला साधारण दीड वर्षं हाती उरतं. शेवटी आलेल्या रुग्णांचा पाठपुरावा मग जेमतेम काही आठवड्यांचा होतो. तरी निष्कर्षात 'कायमस्वरूपी गुंतागुंत आढळली नाही' असं छापलं जातं. मला हे गंभीर वाटतं. त्या वाक्यावर भरवसा ठेवून पुढचा सर्जन रुग्णाला धोका किती ते सांगत असतो.

रुग्णांचंही पाहा. बीडकडची एखादी बाई टाके काढायला येते आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघून जाते. कार्डावरचा फोन नंबर मुलाचा असतो आणि तो बदललेला असतो. थायरॉक्सिन आणि कॅल्शियम या दोन गोळ्यांत निदान चार तासांचं अंतर हवं, नाहीतर कॅल्शियम थायरॉक्सिनला शोषूच देत नाही. हे तिला कुणी नीट सांगितलेलं नसतं. ती दोन्ही सकाळच्या चहाबरोबर घेते. वर्षभरानं थकवा, सूज, केस गळणं, थंडी न सोसणं सुरू होतं. गावातला डॉक्टर रक्त कमी आहे म्हणून लोहाच्या गोळ्या देतो. लोहही थायरॉक्सिनच्या आड येतं. कोकर यांनी 1883 मध्ये लिहिलेली लक्षणं औषध घरात असूनही पुन्हा उभी राहतात आणि कुठल्याच रजिस्टरमध्ये चढत नाहीत.

यावरचा उपाय खर्चिक नाही. थायरॉइडच्या रुग्णांची एक वही युनिटमध्ये ठेवावी आणि ती कुणा एकाच्या प्रबंधाची नसावी. नाव, गाव, स्वतःचा आणि शेजारच्या घरचा असे दोन फोन नंबर. ग्रंथी पूर्ण काढली की अर्धी, किती पॅराथायरॉइड डोळ्यांनी दिसल्या, किती जागेवर राहिल्या. दुसऱ्या दिवसाचं कॅल्शियम, सहा आठवड्यांचं टीएसएच (थायरॉक्सिन पुरेसं आहे का ते सांगणारी रक्तचाचणी), सहा महिने आणि बारा महिन्यांची नोंद, आवाज बसला आहे का. एक बॅच पास होऊन गेली की वही पुढच्या बॅचच्या हाती जावी आणि पहिले फोन त्यांनी मागच्या बॅचच्या रुग्णांना लावावेत. जो सापडला नाही त्याच्यापुढे 'बरा' असं लिहायचं नाही, 'संपर्क नाही' असंच लिहायचं. प्रबंधाच्या तक्त्यातही त्यांचा रकाना वेगळा ठेवायचा.